तक्रार काही नाही

६ फेब्रुवारी

ताई,

तक्रार काही नाही.

तुझं पत्र मिळालं. पोहण्याच्या तलावाचं छत गळतंय आणि तुमचे मॅनेजर काठावर बादल्या ठेवून फिरतात, हे वाचलं.

इकडची बातमी म्हणजे एका बूट कंपनीची दोन माणसं येऊन गेली. त्यांना माझी कार्यशाळा हवी आहे. जागा, शिलाईची यंत्रं आणि भिंतीवरचे गिऱ्हाइकांच्या पायांचे सगळे लाकडी साचे. साचे ते नव्या दुकानाच्या काचेत शोभेला लावणार आहेत. मला त्यांच्या कारखान्यात तपासनिसाची नोकरी देतील. पट्ट्यावरून बूट येणार, मी बघून शिक्का मारायचा. मी ठीक आहे म्हटलं. सही व्हायची आहे. एप्रिलच्या शेवटी त्यांचा ट्रक येईल.

बायको विचारते की ज्यांचे पाय वाकडे, आखूड, सुजलेले आहेत त्या गिऱ्हाइकांनी आता कुठे जायचं. जातील कुठेतरी.

तुझं पत्र टपालवाल्या बाईंनीच आणून दिलं. त्यांना मी नवे बूट करून दिले होते, पण पायात जुनेच दिसले. असेल काही कारण.

बाकी ठीक.

तुझा भाऊ


१५ फेब्रुवारी

किरकिऱ्या,

तक्रार पहिली: छत अजून गळतंय. तक्रार दुसरी: मॅनेजरसाहेबांनी आता बादल्यांवर "काळजी घ्या" अशा पाट्या लावल्यात. काळजी बादलीची घ्यायची की डोक्याची, ते लिहिलेलं नाही. तक्रार तिसरी: तुझं पत्र एवढुसं.

पण मी खूश आहे. बाबा असते तर त्यांचा विश्वास बसला नसता. आठवतं ना, जेवायला बसलं की प्रत्येकाने दिवसभरातली एक तक्रार सांगायची आणि ज्याची तक्रार सगळ्यात झकास, त्याला पहिलं वाढायचं? आई म्हणायची, लोकांच्या घरात प्रार्थना होते, आमच्या घरात गाऱ्हाणी. आणि तू रोज पहिला नंबर काढायचास. हातमोज्यांना आतून शिवण का असते यावर तू एकदा इतका वेळ बोललास की सगळ्यांचं जेवण निवलं होतं. किरकिऱ्या हे नाव काही फुकट नाही पडलं.

आणि आता बघावं तर वर्ष-दीड वर्ष प्रत्येक पत्राच्या डोक्यावर "तक्रार काही नाही". माझा भाऊ शहाणा झाला, शांत झाला. कार्यशाळा विकतोयस तेही उत्तम. त्या टोचायच्या आरीने आणि चामडं कापायच्या रापीने तुझी बोटं सोलून निघाली. आता खुर्चीत बसून शिक्के मार.

माझ्या प्रौढांच्या पोहण्याच्या वर्गात एक नवीन बाई आल्यात. समुपदेशक आहेत, म्हणजे लोकांचं मन मोकळं करणाऱ्या. स्वतः मात्र तलावाचा काठ सोडायला तयार नाहीत. काल मी म्हटलं, बाई, कठडा कुठे पळून जात नाही, तुम्हीच जरा जा. त्या हसल्या आणि आणखी घट्ट धरून बसल्या.

सविस्तर लिही.

ताई


१ मार्च

ताई,

तक्रार काही नाही.

मी शांत झालो म्हणतेस. असेन.

सविस्तर लिही म्हणालीस म्हणून बसलो, पण गेल्या पंधरवड्यात काय झालं ते आठवेना. काम झालं. सहा जोड गेले. बायकोच्या आग्रहाने डॉक्टरकडे जाऊन आलो, कारण ती म्हणते मी बोलत नाही. रक्त, साखर, छाती सगळं तपासलं. सगळं नॉर्मल आहे. डॉक्टर म्हणाले, या वयात असे रिपोर्ट बघायला मिळत नाहीत.

कंपनीवाल्यांनी कागद पाठवलेत. सवडीने सही करीन.

टपालवाल्या बाई रोज येतात. पायात जुनेच बूट.

बाकी ठीक.

तुझा भाऊ


९ मार्च

डेपोवाल्या बाईसाहेबांना,

अगं, हे पत्र तुझ्या बस डेपोच्या पत्त्यावर पाठवतेय म्हणून दचकू नकोस. घरी पाठवलं असतं तर तुझ्या नवऱ्याच्या, म्हणजे आपल्या किरकिऱ्याच्या, हाती लागलं असतं. फोनवर बोलले असते, पण तू सारखी बसगाड्यांच्या मागे, आणि मला हे नीट सांगायचंय.

त्याचं शेवटचं पत्र मी कपडे बदलण्याच्या खोलीत वाचत होते. शेजारी त्या समुपदेशक बाई केस पुसत होत्या. मी हसत हसत त्यांना म्हटलं, बघा, माझा भाऊ जन्माचा कटकट्या, पण आता त्याची एका गोष्टीबद्दल तक्रार नाही, रिपोर्टसुद्धा नॉर्मल. आमच्या घरातल्या गाऱ्हाण्यांची रीतही सांगितली. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या घरात तक्रार म्हणजे गप्पा, लाड, सगळं तेच. मग त्यांनी सोडलं काय नक्की?"

अगं, मी दीड वर्ष त्याला शाबासकी देत होते.

मी विचारलं, म्हणजे डिप्रेशन का? त्या म्हणाल्या, माणूस समोर आल्याशिवाय मी काही ठरवणार नाही. पण आजारी नसणं आणि बरं असणं यांच्यामध्ये बरीच मोठी जागा असते, आणि पुष्कळ माणसं तिथे मुक्काम टाकून असतात. कामाला जातात, जेवतात, झोपतात, बिलं भरतात. दुखत काही नाही आणि आवडतही काही नाही. साध्या भाषेत मरगळ म्हणा. रक्तात दिसत नाही, म्हणून कोणी विचारत नाही. वर्षानुवर्षं तशीच राहिली तर पुढे खरोखरचं आजारपणही येऊ शकतं.

मला त्यांचं पटलंय आणि पटू नये असंही वाटतंय. म्हणून एक काम कर. एक दिवस भाजीत मीठ घालू नकोस. आपला किरकिऱ्या मीठ चिमूटभर कमी झालं तरी घर डोक्यावर घ्यायचा. काय म्हणतो ते मला कळव.

ताई


१७ मार्च

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र डेपोत सगळ्यांसमोर फोडलं, आणि मग उठून डिझेलच्या पंपाच्या मागे जाऊन वाचलं.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. सोमवारी भाजीत मीठ घातलं नाही. मला स्वतःला दुसरा घास जाईना. यांनी पूर्ण ताट संपवलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बरी झालीय." मीठ टेबलावरच होतं हो. हात लांब केला असता तरी पुरलं असतं.

मी आत जाऊन रडले. तुम्ही सांगेपर्यंत मलाही वाटत होतं की वाद नाहीत, भांडण नाही, संसार कसा सुरळीत चाललाय. मैत्रिणी म्हणतात, नशीबवान आहेस. पूर्वी मी डेपोतली पाळी संपवून आले की हे दारातच सुरू व्हायचे. अमक्याने टाच झिजवून आणली, तमक्याने पावसात बूट घालून चामड्याची वाट लावली. मी म्हणायची, आधी मला बसू तरी द्या. आता मी येते, बसते, आणि घड्याळ ऐकू येतं.

कंपनीचे कागद कपाटावर पडलेत. यांना विचारलं, विकावंसं वाटतं का? तर म्हणाले, "ते विचारायला आले, मी नाही कशाला म्हणू?" ताई, असं कोणी आपलं दुकान विकतं का? बावीस वर्षांचं दुकान आहे, कोणाला पेन वापरायला द्यावं तसं देतायत.

तुमचं ते ऐकतात. काहीतरी लिहा.

तुमची भावजय


२४ मार्च

किरकिऱ्या,

आज तक्रार एकच आहे आणि ती तुझ्याबद्दल आहे.

बिनमिठाची भाजी मी करायला सांगितली होती. बायकोवर रागावू नकोस. खरं तर रागाव, मी पेढे वाटीन.

हे बघ, मी पोहायला शिकवते, मला पाण्यातलंच कळतं. माझ्या वर्गात ओरडणाऱ्या लोकांची मला कधी काळजी वाटत नाही. पाणी गार आहे, नाकात गेलं, चष्मा घट्ट आहे, असं जो बोंबलतो तो शिकतो. बुडणारा आला तर मी उडी मारते, तेही सोपं आहे. पण एक तिसरा प्रकार असतो. काठ धरून उभा राहतो. बुडत नाही, पोहत नाही, कोणाला त्रास देत नाही. तासभर असा उभा राहून घरी जातो, आणि विचारलं की "छान वाटलं" म्हणतो. इतकी वर्षं मी अशा माणसाला लांबून ओळखते. आणि माझाच भाऊ दीड वर्ष काठ धरून उभा आहे, तर मी त्याला शांत झालास म्हणून शाबासकी देते! मला माझाच राग आलाय आणि भीतीही वाटतेय, हे स्पष्ट सांगते.

तुझी जुनी पत्रं काढून वाचली. दोन पत्रांत तू लिहिलंस की टपालवाल्या बाई नवे बूट घालत नाहीत. घालत का नाहीत? तू केलेला बूट गिऱ्हाइकाने घातला नाही असं कधी झालंय? दुकानातल्या लांब फरशीवर गिऱ्हाइकाला चालायला लावून, पाठ फिरवून नुसत्या आवाजावरून पाय ओळखणारा तू. एकदा एका म्हाताऱ्याच्या मागे बसमध्ये चढला होतास, कारण त्याची उजवी टाच उशिरा टेकते असं तुला वाटलं. आणि ही बाई रोज दारात येते, तर तू विचारलंस का?

खोटं लिहू नकोस. "बाकी ठीक" असं तर मुळीच लिहू नकोस.

ताई


२ एप्रिल

ताई,

विचारलं नाही.

तुझं पत्र आल्यावर काही दिवस काय लिहावं सुचेना, कारण काही झालेलंच नाही. कोणी गेलं नाही, कोणी फसवलं नाही, काम कमी नाही. काही झालं असतं तर सांगता आलं असतं. धाकटा भाऊ म्हणून तुझ्याकडे रडायला मला कधी लाज वाटली नाही, पण रडण्यासारखं काही सापडत नाही.

सकाळी शटर उघडतो. चामडं भिजवतो, कापतो, ठोकतो. हात आपलं काम करतात आणि मी शेजारी उभा असल्यासारखा असतो. शुद्ध मराठीत सांगायचं तर पाट्या टाकतो. आधी नवा पाय दुकानात आला की रविवारीसुद्धा डोक्यात तोच असायचा. आता पाय म्हणजे पाय. गिऱ्हाईक छान झालेत म्हणतं, मी बरं म्हणतो, शटर ओढतो.

भाजीत मीठ नव्हतं ते कळलं होतं. बोलावंसं वाटलं नाही. तक्रार करायला माणसाला काहीतरी वेगळं हवं असावं लागतं ना? ते हवंसं वाटणंच आटलंय. कधी आटलं तेही सांगता येणार नाही. नळाचं पाणी जातं तेव्हा आपण नळाशी नसतो, तसं झालं.

मरावंबिरावं असलं काही मनात नाही, ते तू डोक्यातून काढ. झोप लागते, भूक लागते. फक्त वाट बघावी असं पुढे काही दिसत नाही. सोमवार काय आणि रविवार काय, सगळे वार एकाच चवीचे. बायको समोर बसलेली असते, तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं हे कळतं. पण बोलायला उठून फार लांब जावं लागेल असं वाटतं, आणि मी बसून राहतो. तिचं मला वाईट वाटतं. तेवढं एक वाटतं.

कंपनीचं म्हणशील, तर इथे शिक्का मारला काय आणि तिथे मारला काय. वीस तारखेला त्यांचा माणूस सही न्यायला येणार आहे.

एवढं मोठं पत्र बऱ्याच दिवसांनी लिहिलं. हात दुखला.

तुझा भाऊ


१० एप्रिल

किरकिऱ्या,

हात दुखला ही तक्रार आहे. मी ती धरलीय.

दुकान विकू नकोस असं मी म्हणणार नाही. दुकान तुझं, पाय लोकांचे. उद्या तू तावातावाने म्हणालास की ताई, मला या चामड्याच्या वासाचा वीट आलाय, तर मी स्वतः येऊन साचे ट्रकमध्ये चढवीन. पण तू नको म्हणूनही देत नाहीयेस आणि हवं म्हणूनही ठेवत नाहीयेस. अशा अवस्थेत सही करू नकोस. कंपनी काय, महिनाभर थांबेल. त्यांना कुठे लग्नाला जायचंय?

समुपदेशक बाईंनी तुमच्या शहरातल्या एका चांगल्या सहकारी बाईंचा पत्ता दिलाय, तो सोबत आहे. जा. आजारी आहेस म्हणून नाही. दात किडायच्या आधीही माणूस दाताच्या डॉक्टरकडे जातो, तसा जा. त्यांनी आणखी एक सांगितलं: एकदम आनंदी व्हायच्या मागे लागू नका, एखादं छोटं काम असं शोधा की त्यात मन गुंतेल, आणि त्यात दुसरं माणूस असलं तर उत्तम. हे सांगून त्यांनी काठ सोडला आणि चार हात मारून पुन्हा काठावर आल्या. मी टाळ्या वाजवल्या.

आणि हो. पाकिटाच्या मागच्या बाजूला मी काही लिहिलंय. ते तुझ्यासाठी नाही, वाचू नकोस.

ताई


१९ एप्रिल

ताई,

तक्रार पहिली: पाकिटावर असं कोणी लिहितं का? सरकारी टपालाच्या पाकिटावर, मोठ्या अक्षरात, लाल पेनाने! "टपालवाल्या बाई, माझ्या भावाने केलेले बूट तुम्ही का घालत नाही, ते कृपा करून त्याला तोंडावर सांगा. तो ऐकून घेईल. नाही घेतलं तर मला कळवा." तुझं वय काय, तू करतेस काय! सगळ्या टपाल कार्यालयाने वाचलं. पत्रं वेगळी करणाऱ्या छाटणीवाल्यांनी म्हणे पैजा लावल्या.

तक्रार दुसरी: त्या बाई. मंगळवारी त्या नेहमीसारखं पत्र दारातून सरकवून गेल्या नाहीत. आत आल्या, थैली खाली ठेवली, तीतून माझे बूट काढले आणि माझ्यासमोरच्या कापलेल्या चामड्यावर आपटले.

"तुमच्या ताईंनी विचारलंय म्हणून सांगते," म्हणाल्या. "दोन्ही बूट सारखे उंच आहेत."

ताई, त्या बाईंचा डावा पाय आखूड आहे. दोन्ही तळ सारखे ठेवून भागतच नाही, डाव्याला थर द्यावा लागतो. त्यांचे आधीचे बूट मीच केलेत. साचा माझ्या भिंतीवर आहे. मी बूट हातात घेतले, टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तर अगदी एका रेषेत. शिकाऊ माणसाने करावं तसं काम.

मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत का? दर वेळी मला या फरशीवर येरझाऱ्या घालायला लावता. या वेळी बूट पिशवीत घालून हातात दिलेत आणि मान वर केली नाहीत. म्हटलं, दुकान विकतायत, आता कशाला त्रास द्यायचा. जुने रेटतेय झालं."

"जुन्यांचा तळ फाटलाय! पाणी आत जात असेल!"

"जातंच."

"आणि त्या बुटांनी तुम्ही रोज एवढं चालता?"

"मग काय उडत जाऊ?"

माझे कान तापले. मी त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी माझ्यावर दुप्पट ओरडून घेतलं. बाजूचा कुलूपवाला दारात येऊन उभा राहिला, त्यालाही मी सुनावलं की त्याच्या कानशीचा आवाज दिवसभर माझ्या डोक्यात जातो. खरं म्हणजे तो आवाज गेलं वर्षभर मला ऐकूच आला नव्हता. मग मी बाईंना त्या सारख्या बुटांनीच चालायला लावलं, आणि पाठ करून उभा राहिलो. काय वाईट आवाज होता ताई! एक पाऊल पडतं, दुसरं आदळतं. आपल्या हातून हे झालं आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही, याचं मला फार वाईट वाटलं. बऱ्याच काळाने काहीतरी लागलं मला.

तक्रार तिसरी: तू पत्ता दिलास तिथे जाऊन आलो. त्या समुपदेशक चांगल्या आहेत, पण त्यांच्याकडची खुर्ची भयंकर आहे. बसलं की माणूस आत जातो आणि गुडघे वर येतात. मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. माझ्याबद्दल काय लिहिलं ते दाखवलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय.

तक्रार चौथी: बायकोने काल भाजीत मीठ जास्त घातलं. मी म्हटलं, हे काय समुद्रातून आणलंस का? ती उठून आत गेली. मी मागे गेलो तर हसत होती आणि डोळे पुसत होती.

एकदम सगळं जागेवर आलं असं समजू नकोस. शुक्रवारी पुन्हा दिवसभर तसाच कोरडा बसून होतो, शटरसुद्धा बायकोनेच उघडलं. त्या समुपदेशक म्हणाल्याच होत्या, असे दिवस येतील, मोजत बसू नका. कंपनीला मी कळवलंय की उद्या माणूस पाठवू नका. विकणार की नाही ते अजून माहीत नाही. पण या बाईंचे बूट बसेपर्यंत भिंतीवरचा एक साचा हलणार नाही, हे सांगितलं. ते म्हणाले, अहो, तो एकच जोड आहे. मी फोन आपटला. नवीन फोन आहे, आपटल्याचा आवाजसुद्धा नीट येत नाही त्याला.

डाव्या तळाला थर दिलाय. काल त्या घालून चालल्या, पण टाच अजून उशिरा टेकते. केसभर. त्यांना जाणवलं नाही, मला ऐकू आलं. बूट ठेवून घेतलेत. गुरुवारी त्या वाटप उरकून पुन्हा येणार आहेत.

गुरुवारची वाट बघतोय.

किरकिऱ्या